डावीकडचा खर्ज

डाव्या स्पीकरच्या पडद्यावर मोहरीचे सात दाणे नाचत होते. उजव्याच्या पडद्यावरही सात. दोन्ही स्पीकर तिने जमिनीवर उताणे ठेवले होते आणि दोन्हींत एकच सपाट सूर सोडला होता. दाणे दोन्हीकडे सारखेच उडत होते, जेमतेम बोटाच्या पेराइतके. तिने पट्टी धरून पाहिलं. मग दाणे एकेक करून वाटीत घेतले आणि स्पीकर पुन्हा टेबलावर उभे केले.

शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईला एवढं पुरेसं होतं. यंत्रात दोष नव्हता.

"झालं का तुझं फोडणीचं?" फिरत्या खुर्चीतून नवऱ्याने विचारलं.

ते पियानो सुरात लावायचे. सभागृहातला मोठा पियानो एकतीस वर्षं त्यांच्याच हातात होता. तारांच्या खुंट्या पिळायची लाकडी मुठीची किल्ली आता लेकीच्या हाती द्यायची, असं वर्षभर नुसतं चाललं होतं. लेक दूरच्या गावी एका शाळेत नोकरी करायची आणि तिथले पियानो लावायची. लावून झाला की वाजवून, रेकॉर्ड करून पाठवायची. पियानोसमोर बसल्यासारखंच ऐकू यायचं ते, खर्जाचे खोल, जाड सूर डावीकडून आणि बारीक सूर उजवीकडून.

"खर्ज मंद आहे," बाबा कळवायचे. असं आठ वेळा झालं. नवव्या रेकॉर्डिंगबरोबर तिने लिहिलं होतं, 'बाबा, हे शेवटचं. या वेळीही नाही म्हणालात तर इथली नोकरी कायमची धरते. महिनाभराने शनिवारी पाचला फोन करीन.'

ते त्यांनी ऐकलं. नाही म्हणवेना. हो म्हणावं असं काही ऐकू येईना.

"हा कॉम्प्युटरच खर्ज खातोय," ते म्हणाले.

म्हणून बायको कामाला लागली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा जुना नियम. आधी तिने आवाज गोड करणारी सगळी सेटिंग्ज बंद केली, म्हणजे लेकीच्या रेकॉर्डिंगमधला आकडा न् आकडा जसाच्या तसा बाहेर पडेल. मेल आल्याची टिंग बंद केली. हेडफोनचं भोक सोडून दिलं, त्यात कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर मिसळत होती. आकड्यांचा आवाज करणारा एक वेगळा डबा आणला, साबणाच्या वडीएवढा. कॉम्प्युटरपासून त्या डब्यापर्यंत जाणारी तार प्रकाशाची होती. ती जोडण्याआधी तिने मोकळं टोक तळहातावर धरलं. लाल ठिपका उमटला, डाळिंबाच्या दाण्याएवढा. लेकीचा पियानो. दोनशेवर तारांचा तो सगळा नाद तिच्या हातावर निमूट पडून होता, हलतसुद्धा नव्हता. तिला बराच वेळ हात मिटवेना.

काल तिने स्पीकरच्या जोडण्या उलट्या केल्या, डावीची उजवीला.

"आता खर्ज झकास," ते म्हणाले. "पण वरचे सूर कुठे गेले? तुझी तारच लबाड."

"तार गरीब आहे हो," असं म्हणून तिने वहीत नोंद केली आणि जोडण्या पूर्ववत केल्या.

आज शनिवार. पावणेपाच झाले होते. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ पोहत होती. तिने नववं रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले.

"खर्ज?"

"मंदच गं." आवाज असा, की जणू तेच नापास झाले होते.

ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. उन्हात त्यांचा डावा कान लाल, जवळजवळ पारदर्शक दिसत होता. तिने खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि झोपेतल्या मुलाची कूस बदलावी तशी ती हळूहळू फिरवली. स्पीकर आता त्यांच्या पाठीमागे आले.

त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. तळघरातून कुणीतरी एकेक दिवा लावत वर यावं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर चढत गेलं.

"आला! अगं, आला खर्ज! कसला भरलेला आहे. काय बदललंस?"

"तुम्हाला फिरवलं."

त्यांनी डोळे उघडले. समोर खुंटीवरचे कोट होते. त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. संगीत होतं तसंच राहिलं. मग उजव्यावर ठेवला, तसा खर्ज विझला. हात त्यांनी तसाच ठेवला.

रेकॉर्डिंग संपलं. डब्यावरचा हिरवा दिवा तेवढा जागा होता.

"सभागृहातले वादक मला चिडवायचे," ते म्हणाले. "काका, तुमचा खर्ज हल्ली फार जोरात, अंगावर येतो. मी हसण्यावारी न्यायचो." मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत आज झालं. पण वर्षभर रस्त्यात मी तुमच्या उजवीकडून चालतेय. का, ते मलाही कळत नव्हतं."

फोन वाजला. बरोबर पाच. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि चेहऱ्यासमोरून पलीकडे नेऊन उजव्या कानाला लावला.

"बाबा? ऐकलंत? आता खरं काय ते सांगा."

त्यांनी पायाशी असलेली कापडी पिशवी मांडीवर घेतली. आत हात घालून लाकडी मूठ चाचपली.

"चिमे, खर्ज माझ्या कानात कमी होता, तुझ्या पियानोत नव्हता," ते म्हणाले. "ये, आणि ही किल्ली घेऊन जा."