शेळीचा पाला

"वहिनी, तुमच्या शेळीचं वाटीभर दूध द्याल? नातू तापलाय."

दारात भाजीवाली गयाबाई उभी होती, हातात रिकामा डबा घेऊन. आम्ही जेवायला बसलो होतो.

मुलीच्या अंगात रक्त कमी निघालं, तेव्हापासून मी गयाबाईकडून मुळ्याचा, फ्लॉवरचा पाला फुकट आणत होते. माणसांसाठी मागायची लाज वाटली, म्हणून पहिल्याच दिवशी "शेळीला हवाय" असं सांगून बसले होते.

"शेळी?" भरल्या तोंडानं मुलगी म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर?"

गयाबाईनं आमची ताटं पाहिली. मुळ्याच्या पाल्याची भाजी ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार? ती रिकामा डबा तसाच घेऊन जिना उतरली.

पुढच्या बाजारी तिचा कोपरा टाळून निघाले, तर तिनंच चारचौघांत हाक मारली. "नातू बरा आहे. हा घ्या तुमच्या शेळीचा पाला."

घरी येऊन पिशवी उपडी केली. पाला निवडलेला होता, स्वच्छ धुतलेला होता, आणि तळाशी दोन लिंबं होती.