टेकडीची परीक्षा

आमच्या बेटावरच्या गावातून ऑस्ट्रेलियात फळं तोडायला कोण जाणार, हे मुखिया कालमारे ठरवायचे. वाळूचं पोतं खांद्यावर घ्यायचं आणि किनाऱ्यापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढायचं. वाटेत पोतं जमिनीला टेकवलं, की नापास. लंगड्या ताउराला तर ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुला पाठवून काय करू रे? झाडाला टेकू लावू?" सहा वर्षांत त्यांनी गावातला एकूण एक धडधाकट गडी विमानात बसवला. स्वतःचे तिन्ही मुलगेसुद्धा.

परवा मुखिया गेले. तिकडे हंगाम ऐन भरात. बागमालकाने एकालाही सोडलं नाही. शवपेटीला खांदा द्यायला उरलो आम्ही चौघं: ताउरा, दम्याने बेजार नालाऊ, साठी उलटलेला मी आणि मुखियांची थोरली सून लेइसाऊ. आमच्याकडे घरातून उचललेली पेटी थेट चर्चमागच्या कबरीपाशीच उतरवतात. मध्ये जमिनीला लागू देत नाहीत.

टेकडीच्या वाटेवर चौथ्यांदा पेटी टेकवली, तेव्हा ताउरा घाम पुसत तिच्याशेजारी बसला.

"मुखिया," तो म्हणाला, "तुमचं बरोबर होतं हो. आम्ही नापासच."