चांदीचं फुलपात्र

हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी आई गेली. मी तेव्हा परदेशात रेडिओ दुर्बिणीवर होते, धूमकेतूत गंधकाचा एक वायू शोधत. आईच्या दुखण्याची तार आली होती. आज ना उद्या कागदावर वायूची खूण उमटेल म्हणून मी थांबले. ती उमटलीच नाही.

मी पोचले तेव्हा रामदासपेठेतल्या घरी आईच्या रिकाम्या खाटेजवळ दिवा होता, आणि तिच्यासाठी चांदीच्या फुलपात्रात पाणी. रोज सकाळी फुलपात्राच्या काठावर काळा डाग दिसे, ओठांएवढा.

"कालच तं चिंचेनं घासलं होतं वं," भागीरथाकाकू म्हणाली.

चांदी कशाने काळी पडते, हे मला ठाऊक होतं. त्याच वायूने. पण घरात कसलाच वास नव्हता.

दहाव्याच्या दुपारी काकू म्हणाली, "शेवटी शेवटी कोणीबी पाणी पाजाले गेलं तं तुही आई तोंड फिरवे. पोरीच्याच हातचं पिईन म्हणे. एकडाव तू धरून पाह्य ना वं."

मी घासलेलं फुलपात्र भरलं आणि उशीपाशी धरलं. "आई, मी आले."

माझ्या डोळ्यांदेखत काठ काळा पडू लागला. आणि फुलपात्र हातात हळूहळू हलकं होत गेलं.