एक लांब, दोन आखूड

गुरुदासने दुकानाच्या काचेच्या कपाटावर दोन खोकी शेजारी शेजारी मांडली. एकावर सुळे काढलेला राक्षस छापलेला, दुसऱ्यावर नुसतं निळं आभाळ.

"ह्येका पंखो आसा, दत्ताकाका. ह्येका नाय. दोनय मधलीच. ह्येच्या खालचा घेतलास तर पस्तावशात, वरचा घेऊन नुसतो मिरवूचो सोस. घरच्या कॉम्प्युटराक ह्यातला खंयचाय ग्राफिक्स कार्ड चलात." मग हसून म्हणाला, "राक्षसाचा खोका मात्र काकी उंबऱ्याच्या आत घेवची नाय."

दत्ताकाका हसले नाहीत. "प्रितेशान खंयचा घेतल्यान असता?"

गुरुदासने राक्षसाचं खोकं उगाच उलटंपालटं केलं. "पंख्याचा. गेमा खेळूचे होते मा त्येका."

"पंखो आवाज करता?"

"घरघरतलो वायच. तुमच्याकडे तर खारो वारो. गंज धरलो काय रडाक लागतलो."

"मगे बिनपंख्याचा दी. घरात आवाज नको."

उभा जन्म कीर्तनात बुवांच्या मागे बसून पेटी वाजवण्यात गेलेला माणूस हे म्हणत होता. पण गुरुदासला सगळं ठाऊक होतं. काकांच्या मुलाने, प्रितेशने, एकेक सुटा भाग आणून तो कॉम्प्युटर स्वतःच्या हातांनी जोडला होता. कार्ड तेवढं राहिलं होतं. कार्डाशिवाय यंत्र चालू व्हायचं, पडदा मात्र काळाच. आणि आतून शीळ यायची. एक लांब, दोन आखूड. "बघ गो आये, कार्ड मागता!" तो हसत म्हणाला होता, आणि होडीवर गेला होता. होडी आली. तो आला नाही.

तेव्हापासून सुगंधाकाकी रोज तिन्हीसांजेला त्या यंत्राचं बटण दाबायची आणि लगबगीने स्वयंपाकघरात जाऊन बसायची, जसं काही बटण तिने दाबलंच नाही. बाहेर शीळ वाजायची. "इलंय रे बाबू!" अशी ओ देत ती उठायची, आणि मग देवापुढे दिवा लागायचा. वाडीतली पोरं काळोख पडल्यावर त्या घरावरून जाईनाशी झाली होती.

आणि काकांचे कान पेटीवाल्याचे. ती शीळ वरच्या सप्तकातल्या कुठल्या पट्टीवर बसते, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या पट्टीवर आता बोट जात नव्हतं. कुणकेश्वरच्या उत्सवात बुवा रंगात येऊन नेमके त्या सुरावर चढले, आणि पेटी मागे राहिली. बुवांनी मान वळवून पाहिलं. काका मान खाली घालून भाता हलवत राहिले.

"ह्या बसवला काय ती शीळ बंद?" काकांनी बिनपंख्याचं खोकं उचलत विचारलं.

"कायमची, काका."

बसवायला गुरुदास स्वतः घरी आला. त्याने कार्ड खाचेत दाबलं, स्क्रू आवळला. काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, लेकराचा जा काय अर्धवट ऱ्हवला, ता आज पुरा करतांव. आता त्येका शांत कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गुरुदास म्हणाला.

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी 'व्हय' म्हणायचं असतं. काकी काही बोलली नाही.

गुरुदासने बटण दाबलं. बारीकशी टिचकी वाजली आणि पडदा उजळला. "बघा काकी, कसा झकास दिसता!"

काकीने पाहिलं. "दिसता," ती म्हणाली. "पण हाक खंय मारता?"

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांज झाली. काकीने बटण दाबलं आणि ती आत जाऊन बसली. पडदा मुकाट्याने उजळला. त्याचा निळा उजेड भिंतीवर पडला, देवांच्या तसबिरींवर पडला. समुद्राची गाज तेवढी येत होती. देवापुढे दिवा नव्हता.

"अगो, दिवो लाव मा," काका म्हणाले. मग ते उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ती चुलीपाशी पाटावर बसली होती. हातात तेल घातलेला दिवा, वात सारलेली, काडी काढून ठेवलेली. कान बाहेर लागलेला.

"हाक मारूक नाय अजून," ती हळूच म्हणाली.

बाहेर आता पूर्ण अंधारलं होतं. काका माघारी आले. कोपऱ्यातली पेटी त्यांनी ओढून घेतली, फडकं काढलं, भाता उघडला. बोट त्या पट्टीवर गेलं आणि थांबलं. त्यांनी डोळे मिटले.

एक लांब. दोन आखूड.

"इलंय रे बाबू!"

काकांनी भाता घट्ट दाबून धरला. पेटीत उरलेला वारा चुकूनही बोलू नये म्हणून. हाताआड ज्योत धरून काकी आली, त्यांच्या अगदी जवळून, पेटीकडे न बघता. तिने देवापुढे दिवा ठेवला. हात जोडले.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.