पांढरी चार

आई समोरच्या दुकानात अस्तराचं कापड जुळवायला गेली, तेवढ्यात वल्लरीने काउंटरवर ओणवून सांगून टाकलं.

“काका, इलेक्ट्रिक गिटारच्या तारा हव्यात. आहे त्या सुरातही वाजली पाहिजे आणि दोन घरं खाली उतरवली तरी सैल पडता कामा नये. मागच्या शनिवारी उतरवलेली, तर जाड तार नुसती खरखरत होती.”

ठाकुर्लीतला साईनाथ मुळात पेटीचा कारागीर. दुरुस्त्या करता करता गिटारवाल्यांचाही काका झालेला. तो म्हणाला, “तारांना कशाला छळतेस? कॉर्ड बदल.”

“आई माझी बोटं बघते.”

खरंच बघायची. नीरजाताई तीस वर्षं पेटीच्या पांढरी पाच पट्टीत गात आल्या होत्या. साथीला गिटार वाजवणाऱ्या लेकीशेजारी बसून बसून त्या पट्टीला तिची बोटं कुठे पडतात, तेही त्यांना पाठ झालं होतं. पण गेले चार महिने आवाज वर जाईना. एखाद्या दिवशी लागायचा, बाकीचे दिवस वरच्या सुराला हनुवटी उचलली जायची, मानेची शीर फुगायची, उघडे डोळे लेकीच्या बोटांवर खिळायचे आणि सूर अलीकडेच राहायचा. सोसायटीच्या कोजागिरीतलं त्यांचं गाणं आठ दिवसांवर आलं होतं. तार उतरवली की सूर खाली येणार, बोटं मात्र जागच्या जागी. आईला वाटणार, लागला आपला आवाज. लबाडीच होती, पण आईला सगळ्यांसमोर अडताना बघणं वल्लरीला सोसणार नव्हतं.

साईनाथने दोन पाकिटं काढली. “हा दहाचा सेट, खालच्या तीन तारा जरा जाड. चढव, उतरव, दोन्हीकडे चालेल. हा अकराचा, सगळाच जाड. उतरवूनच ठेवायची असेल तर हा. परत चढवशील तर बोटं सोलून निघतील.”

“दहाचा द्या. तिचा आवाज परत आला की चढवेन.”

साईनाथ बिल करायला पाठमोरा झाला. हळू बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. “म्हणजे ताईंना न सांगता पांढरी पाचची पांढरी चार करायची. बरोबर?”

नीरजाताई पायरीवर उभ्या होत्या.

वल्लरीला कुठे बघावं कळेना. आईने कापडाची पिशवी काउंटरवर ठेवली.

“तार खरखरली तेव्हाच कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू एवढी चोरून उतरवलेलीस. म्हटलं, राहू दे. आणि गाताना बरं वाटलं गं. त्याचाच राग आला.”

त्यांनी अकराचं पाकीट उचललं.

“आई, हा परत चढवता येणार नाही.”

“नकोच चढवायला. रोज सकाळी उठून बघायचं, आज लागतोय का. कंटाळले मी.”

साईनाथला आपल्या तोंडाची लाज वाटत होती. त्याने दुरुस्तीला आलेली एक पेटी पुढे ओढली, भाता हलवला आणि पांढरी चार दाबली. “ताई, नुसता सा लावा.”

“इथे? दुकानात?” म्हणत त्या स्टुलावर टेकल्या. मग त्यांनी सा लावला. तिथून वर गेल्या, वरचा सा घेतला, त्यावर हवं तेवढं थांबल्या. हनुवटी होती तिथेच राहिली.

वल्लरीने सवयीने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, मग आईकडे. आईचे डोळे मिटलेले होते.

चार महिन्यांत पहिल्यांदा.