करंगळी

दाराची कडी हलकेच दोनदा वाजली. दोन दिवस त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, त्यामुळे तेवढाही आवाज फार वाटला. तिने दार उघडलं. डॉक्टरकाका दवाखान्यातून थेट आलेले, पांढरा कोट अंगात तसाच.

"दोन दिवस आली नाहीस. फोनही उचलत नाहीस."

टेबलावरचं पिवळं पडलेलं कार्ड तिने त्यांच्यापुढे सरकवलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची लेक गणितं सोडवत बसली होती, तिने नुसती मान वर केली.

कार्ड तिचं स्वतःचंच होतं. दवाखान्यातली जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवताना परवा तिच्याच हाती लागलं. तारीख चार वर्षांपूर्वीची, अक्षर थोरल्या सिस्टरचं. खालच्या पुढच्या दातांसमोर लिहिलेलं, पाच, पाच, चार.

"मला तुम्ही तीन, तीन, दोन म्हणाला होतात," ती म्हणाली.

काका खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

नऊ वर्षं ती त्यांच्या उजव्या हाताला उभी राहत आली होती. बारीक खुणांची सळई ते दात आणि हिरडी यांच्या फटीत घालायचे, फट किती मिलिमीटर खोल आहे ते मोठ्याने म्हणायचे आणि ती लिहायची. तीनपर्यंत ठीक. त्याच्या वर गेलं की समजायचं, हिरडीने दाताचा हात सोडायला सुरुवात केली. पण तोंड उघडून पडलेल्या माणसाला धसका बसू नये म्हणून काकांनी एक रीत पाडली होती. आकडा वाईट असला की तो दोनने कमी करून म्हणायचा आणि डाव्या हाताची करंगळी उचलायची. करंगळी दिसली की लिहिणारीने दोन मिळवायचे. पेशंट "तीन" ऐकून सैल पडायचा. तिला त्या रीतीचं फार कौतुक होतं. किती मायेचा माणूस, असं ती घरी येऊन सांगायची.

आणि चार वर्षांपूर्वी पेशंटच्या त्याच खुर्चीत ती आडवी झाली, तेव्हा दिवा तोंडावर आला म्हणून तिने डोळे मिटून घेतले. करंगळीकडे बघावं हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ज्यांनी कामाला लावलं, बाळंतपणात ज्यांच्या घरून सव्वा महिना डबा आला, त्यांच्या हाताकडे काय बघायचं?

आकडे चांगले निघाले म्हणून ती निर्धास्त झाली. कडक ब्रशने, भांडी घासावीत तसे दात घासत राहिली. स्वतःच्या साफसफाईच्या तारखा गर्दीच्या दिवशी दुसऱ्यांना देऊन टाकल्या. आता खालचे दोन दात आरशात लांबुडके दिसत, गार पाण्याची कळ थेट कानात जाई आणि त्यातला एक जिभेनेही हले.

"तेव्हा ही तीन वर्षांची होती," काका लेकीकडे बघत म्हणाले. "सारखी आजारी. तुझा जीव मेटाकुटीला आलेला. म्हटलं, त्यात आणखी एक घोर नको."

"मी काय पेशंट होते का, काका?"

"खुर्चीत आडवं झालेलं माणूस पेशंटच असतं गं. आणि मऊ ब्रश वापर म्हणालो होतो. दर सहा महिन्यांनी दाखव म्हणालो होतो."

"ते तुम्ही सगळ्यांनाच म्हणता. पाच ऐकलं असतं तर मी धावत आले असते."

"आई, पाचाचे तीन कसे झाले?" लेकीने मध्येच विचारलं.

"डॉक्टरआजोबा दोन कमी करून बोलायचे. लिहिणारीने दोन मिळवून लिहायचं. खरं कार्डावर, खोटं कानात."

काकांनी मान खाली घातली. "उद्या ये. मुळांपर्यंत खरवडून साफ करू. एका दाताला टाळूची पातळ कातडी लावावी लागेल. गेलेली हिरडी आपली आपण उगवत नाही, पण आहे ती धरून ठेवता येईल."

"मोजणार कोण?"

"मीच की."

"तुम्ही नको."

हे आपण काकांना म्हणालो, यावर तिचा तिलाच विश्वास बसेना.

तेवढ्यात आतून तिची आई पाण्याचा पेला घेऊन आली. कवळी काढून ठेवलेली, त्यामुळे शब्द ओठांतून निसटत होते. "घ्या डॉक्टर. माझ्या लेकीला फसवलंत, तरी पाणी देतेय बघा."

"चुकलं माझं," काका पुटपुटले.

"माझं म्हणाल तर तुम्हाला बोल नाही हो." आई शेजारीच टेकली. "माझे आकडे चांगलेच होते. एकही तीनच्या वर नाही. तुम्ही बोलत होतात आणि ही लिहीत होती. मी आपली सगळा वेळ हिच्या तोंडाकडे बघत होते. हसली माझ्याकडे, म्हणाली, छान आहे सगळं. मग वर्ष-दोन वर्षांत तोंडाचं बोळकं झालं, ते माझ्या नशिबाने. मला वाटलं, आकडे चांगले आहेत, आता कशाला हेलपाटे घालायचे."

काकांनी पेला उचलला आणि ओठांना न लावताच खाली ठेवला. ते आईकडे नाही, तिच्याकडे बघू लागले. ती खिडकीबाहेर बघू लागली.

लेकीने पेन्सिल वहीत ठेवली.

"आई," तिने विचारलं, "आजीच्या वेळी तू किती मिळवलेस?"