उंच आलेला घट

भुयारातल्या रोपवाटिकेत कालिंदी दिव्यांखालच्या गव्हाच्या ट्रेवर वाकली आणि जागच्या जागी थिजली. परवा उगवलेले कोंब उंच वाढले होते, पण पिवळेधमक, एकमेकांच्या अंगावर कलंडलेले. उजेड शोधत रोप असं उंच होतं.

तिने नवऱ्याला हाक मारली. दिवे सांभाळायचं काम हणमंतचं.

"दिवे मंद झालेत का हो?"

"नाही गं. रोजच्यासारखेच दिसतायत."

"आपल्याला दिसतायत. आपल्या डोळ्यांना सवय होते, गव्हाला होत नाही."

हणमंतने वर दिव्यांकडे पाहिलं. राखेच्या ढगाआड सूर्य गेल्यापासून माणसं या दिव्यांवरच जगत होती, आणि नवे दिवे बनवणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"दुसरं बी काढ," तो म्हणाला.

"हेच शेवटचं होतं."

मागून सासरे आले. ट्रे बघून त्यांचा चेहरा उजळला. "अगं, घट बसवला होतास? आमच्या देवघराच्या अंधारात असाच पिवळा यायचा. म्हणजे आज दसरा!" त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुढे केली. "खोव, सूनबाई."

"बाबा, अहो, ते..." हणमंत सांगायला पुढे झाला.

कालिंदीने मूठभर कोंब मुळासकट उपटले आणि टोपीत खोवले.

"एवढा उंच घट!" सासरे म्हणाले. "यंदा पीक जोरात येणार बघ."

"हो, मामंजी," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या कानामागे खोवायला तिने दुसरी मूठ उपटली.